शेरीच्या पिंपाचा निकाल

गोदामाच्या दगडी भिंतींना बाराही महिने ओल असे. त्या ओलीत मुरत पडलेल्या पिंपांचा श्वास मिसळला की अंधारालाही जाडी येई, गोडी येई. आणि निवृत्तीनंतरही नाकोबाचे पाय आपोआप वळत ते या अंधाराकडेच. व्हिस्की हुंगून, चाखून तिचा भाव ठरवण्यात त्याचे आयुष्य गेले होते. खरे नाव कामावरच्या लोकांनी केव्हाच पुसून टाकले होते. त्याच्या नाकाने एकदा निकाल दिला की मालकसुद्धा दुसरे मत मागत नसे, आणि दिलेला निकाल त्यानेही कधी मागे घेतला नव्हता.

आजचा निकाल मात्र घरच्या पिंपाचा होता. धाकट्या बहिणीला तिच्या लग्नात त्याने ते भेट दिले होते. शेरी वाइन मुरवून रिकामे झालेले, आतून काळेभोर रंगलेले ओकचे पिंप, आणि त्यात काठोकाठ भरलेली कोवळी, पाण्यासारखी रंगहीन सिंगल माल्ट व्हिस्की. "तुमचा संसार आणि ही, दोन्ही सोबतच मुरू द्या," असे तो तेव्हा म्हणाला होता. वर्षातून एकदा तिघांनी इथे जमायचे, पिंपात नळी सोडून घोटभर काढायची, आणि नाकोबाने सांगायचे, झाली की नाही. झाली म्हटले की बाटल्या भरून मोकळे व्हायचे. बहीण उलट्या खोक्यावर बसून टोमणे मारी, "एका पिंपाभोवती दोन पुरुष, आणि त्यातल्या त्यात बोलकं कोण, तर पिंप!"

ती गेली त्यालाही आता काही वर्षे झाली. मागे जमणे तेवढे उरले. एरवी तिच्या नवऱ्याचा, दाजींचा, फोन येई तोही चुकून लागल्यासारखा. दोघांत वैर नव्हते. पण ज्या धाग्याने दोघे बांधले गेले होते तो निघून गेल्यावर नुसती दोन भोके राहावीत, तसे त्यांचे झाले होते. वर्षातला हा एक दिवस त्या भोकांतून पुन्हा ओवला जाई.

दाजी आले ते चष्म्याची काच पुसत, धापा टाकत.

"काय दादा, आणखी किती वर्षं झुलवताय? माझे गुडघे पिकून गळायला आले, हिचं पिकणं काही संपेना!"

"घाई कसली करता दाजी? दूध का आहे ते, उतू आलं की उतरवायला?"

"तुमचं आपलं बरंय. तुमच्या घराला जिने नाहीत."

"घरात दुसरं कुणी नाही, तसे जिनेही नाहीत," नाकोबा म्हणाला, आणि दाजी मनापासून हसले. हे हसणे पुढचे वर्षभर पुरवायचे, असे त्याच्या मनात आले.

त्याने लाकडी हातोडीने ठोकून पिंपाचे बूच सैल केले, तांब्याची लांब नळी आत सोडली आणि दोन पेल्यांत घोट घोट उतरवून घेतला. पेला दिव्यासमोर धरला. हात फिरून फिरून तुकतुकीत झालेल्या जुन्या सागवानी खुर्चीचा रंग. मग नाक. आधी मनुका आल्या, मागोमाग उन्हात वाळलेली संत्र्याची साल, अक्रोड. आणि त्यांच्याही खाली, फार खोल, नुकत्याच विझलेल्या काडीचा एक पुसट उसासा. त्याने दोन थेंब पाणी सोडले. घोट जिभेवर घेतला.

तो डोळे मिटून उभा राहिला. शेरीची गोडी आणि लाकडाची कडवट, तुरट चव एकाच उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, आणि एकीचेही पाऊल आत पडत नव्हते. इतकी समतोल व्हिस्की उभ्या आयुष्यात त्याच्या जिभेवर आली नव्हती. हा उंबरठा फार काळ टिकत नाही, हेही त्याला पक्के ठाऊक होते. शेरीचे पिंप मोठे लोभी. जेवढे देते त्याहून अधिक पुढे वसूल करते. आणखी एक वर्ष, आणि विसरलेल्या चहातल्या पत्तीसारखा तुरटपणा वर चढत जाईल. मग भाव उतरेल, आणि गेलेली चव परत येणार नाही.

'झाली' एवढेच म्हणायचे होते. मग बाटल्या भरल्या जातील, निम्म्या तुम्ही घ्या, निम्म्या आम्ही, असे होईल. आणि पुढच्या वर्षी या दिवशी? दाजी कशाला येतील? नुसत्या माणसाला भेटायला घरचे इतके जिने कोण उतरते-चढते?

"अजून एक वर्ष," नाकोबा म्हणाला. "जरा कच्ची आहे."

दाजींनी सुस्कारा सोडला आणि पेला पिंपावर ठेवला.

"मग पुढच्या वर्षी तुमचं तुम्हीच बघा, दादा. मी थोरल्या पोराकडे राहायला निघालोय. कायमचा. विमानाचा प्रवास, येणं-जाणं काही आता व्हायचं नाही." त्यांनी पिंपावरून बोटे फिरवली. "यंदा झाली असती तर नेली असती हो. पोरं विचारत असतात, आईचं पिंप कधी उघडणार म्हणून. सगळ्यांनी मिळून एकदा घोटभर घेतली असती. पण तुम्ही कच्ची म्हणालात म्हणजे कच्चीच. तुमच्या नाकापुढे अपील नाही."

नाकोबाने पिंपाच्या कडेला हात टेकला. पिंप असेच राहिले तर बहिणीची मुले वर्षा-दोन वर्षांनी बाटली उघडतील, तोंड वाकडे करतील, आणि आपल्या आईच्या नावाशी तो तुरटपणा कायमचा चिकटेल.

"थांबा, दाजी. झाली आहे ती."

"आँ? आत्ताच तर कच्ची म्हणालात!"

तुम्ही यावं म्हणून म्हणालो. वाक्य दातांपर्यंत आले. पण दातांशी येऊनही न बाहेर पडलेल्या वाक्यांची त्याला आयुष्यभराची सवय होती.

"चुकलं," तो म्हणाला. "नाक चुकलं माझं."

दाजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर परवडला असता; होती ती माया, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याची.

"अहो, वय झालं. माझे डोळे गेले, तुमचं नाक. त्यात लाजायचं काय?" मग मान खाजवत, चाचरत ते म्हणाले, "पण मग धरायचं कुठलं? आधीचं की आत्ताचं? राग मानू नका हं. तिची वस्तू आहे म्हणून म्हणतो. दुसऱ्या कुणाला दाखवू या का? तुमच्या हाताखालची ती मुलगी होती ना?"

"आहे. आता माझ्या जागेवर तीच आहे."

नाकोबाने स्वतःच फोन लावला.

"बोला सर!"

"घरच्या पिंपाचा नमुना पाठवतोय. तयार आहे का, ते सांग."

"तुम्ही असताना मी? सर, आज मीच सापडले का थट्टेला?"

"मला खात्री नाही."

पलीकडचे हसू जागच्या जागी थांबले. ती बोलली तेव्हा तिचा आवाज एकदम हळू झाला होता. "बरं, सर. तुम्हाला स्वतःला काय वाटलं?"

"ते आधी सांगायचं नसतं. एकाचं मत दुसऱ्याच्या जिभेवर बसतं. इतक्यात विसरलीस?"

"नाही, सर."

"माझे दाजी घेऊन येताहेत. तुझं ऑफिस त्यांच्या वाटेवरच आहे."

त्याने लहान बाटली भरली, बूच घट्ट बसवले आणि बाटली दाजींच्या हातात दिली. दाजींनी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. दाराशी ते वळले. जाताना काय बोलावे हे दोघांनाही कधीच सुचले नव्हते. आज दाजींना सुचले.

"ती काय म्हणते ते संध्याकाळी फोन करून सांगतो हं, दादा. जीव लावून घेऊ नका. फोन जवळ ठेवा."

"ठेवतो," नाकोबा म्हणाला.

निकाल त्याला ठाऊक होता. पोरीचे नाक त्यानेच घडवले होते, ती चुकणार नव्हती. तरीही तो लवकर घरी गेला, खुर्ची फोनजवळ ओढली, आणि संध्याकाळ होण्याची वाट पाहत बसला.