गुरुवारचा पारा

मी एक जुने, पाऱ्याचे, रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. मित्रांनो, माणसांच्या तोंडावर माझा काडीचाही विश्वास नाही. तोंड म्हणते, मजेत आहे. दंडाला पट्टा गुंडाळला की पारा चुगली करतो. जन्मभर हेच पाहिल्यावर स्वभाव संशयी होणारच.

कारखान्यातून मी थेट मानसशास्त्राच्या प्राध्यापक बाईंकडे आले. जनावर जवळ असले की कामाच्या जागी मनावरचा ताण हलका होतो का, हा त्यांचा ध्यास. त्यांनी फोनवर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणारे एक ऑफिस निवडले. सोमवारी आम्ही दोघेच जायचो, गुरुवारी सोबत बाईंचा कुत्रा लोळ्या. तो टेबलांखाली ऐसपैस पसरायचा आणि सगळ्यांचा पारा उतरायचा. तीन वर्षे हेच चालले. बाईंचे कौतुक झाले, लोळ्याचा फोटो छापून आला. माझे नाव कुणी काढले नाही, ते असो.

कुठेतरी पाणी मुरतेय, असे मला पहिल्यापासून वाटत होते. ऑफिसात कोपऱ्यात बसून फोन घेणाऱ्या मावशी लोळ्याला हातही लावत नसत. मग त्यांचा पारा का उतरतो? कुत्रा लबाड आहे, असे मी मनाशी पक्के केले.

एकदा पट्टा सोडताना मावशीच हळूच म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. साहेब कुत्र्याला जाम घाबरतात. गुरुवारी ते केबिनबाहेर पाऊल टाकत नाहीत."

बाईंचा चेहरा पडला. पुढच्याच महिन्यात मोठ्या परिषदेत त्यांना हे संशोधन मांडायचे होते. आता या गप्प बसणार, मी म्हटले. पण साहेब रजेवर गेले, तेव्हा त्या लोळ्याला घरी ठेवून मला घेऊन गेल्या. पारा तेवढाच उतरला. परिषदेत त्यांनी ते जसेच्या तसे सांगितले. टाळ्या जेमतेमच पडल्या.

संध्याकाळी घरी येऊन बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. पारा चांगलाच चढला होता. लोळ्या आला आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून पडला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा मोजले, तर उतरलेला.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, लोळ्या," बाई म्हणाल्या आणि त्याच्या कानामागे खाजवत बसल्या.

आता बाई निवृत्त झाल्या, लोळ्या गेला, मी कपाटावर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, माझा रबरी फुगा चिरलाय, तेवढा कुणीतरी बदला. आणि कुणी मजेत आहे म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका, जवळ जाऊन बसा. त्या संध्याकाळी खोलीत साहेब नव्हते, मी स्वतः पाहिले. लोळ्याची माफी मागायची मात्र राहून गेली.