ठिणगीचा दांडा

लढाईच्या चौथ्या वर्षी पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा उकंडरावांनी आपली उतारूंची मोटार कोळशाच्या गॅसवर करून घेतली. हिंगोलीहून कळमनुरी, तिथून आखाडा बाळापूर आणि परत, अशी तिची रोजची फेरी. परभणीच्या एका मिस्त्रीनं मागच्या बाजूला लोखंडी भट्टी बसवली, नळ्या जोडल्या, गॅस गाळायला फडक्याची गाळणी लावली आणि तो आपल्या वाटेनं गेला. आता ते सगळं चालवायचं होतं ते संतरामला.

संतराम नऊ वर्षं ही मोटार चालवत होता. हैदराबादला एका कारखान्यात दोन वर्षं राहून तो काम शिकून आला होता. बोनेट उघडून इंजिनाला हात घालणारा त्या रस्त्यावर तो एकटाच, म्हणून लोक त्याला डायवरसाब म्हणत. बाजारात त्याच्यासाठी बाकावर जागा होई.

कोळशावर आल्यापासून मात्र मोटारीचा जीव निम्मा झाला होता. बाळापूरच्या अलीकडे एक लांब चढ आहे. तिथं आली की ती खोकायची, थरथरायची आणि उभी राहायची. मग उतारूंनी खाली उतरायचं, गाठोडी डोक्यावर घ्यायची आणि मागून लोटायचं. लोक हसत लोटत, पण ते हसणं संतरामच्या पाठीला लागायचं.

एके दिवशी उकंडरावांनी त्याला बोलावून घेतलं. "संतराम, असं किती दिवस चालायचं? इलाज सांग."

"मालक, इंजिनावरचं झाकण, हेड, काढून नांदेडला नेऊ. लेथवर घासून पातळ केलं की आतला दाब वाढतो. मग ह्या गॅसवर बी जोर येतो. हैदराबादला आमी असंच करायचो."

"आन उद्या पेट्रोल सुटलं तर?"

संतराम थोडा अडखळला. "मग पेट्रोलवर इंजिन ठोके मारंल. दुसरं हेड बसवावं लागंल."

"म्हंजे दोनदा खर्च. आन मागचे टायर तर पार गुळगुळीत झाले. नांदेडला जुने दोन मिळून राहिलेत. माझ्यानं एकच व्हईल, हेड न्हाई तर टायर."

"टायर घेऊन काय करता, मोटार चढतच न्हाई तर?" संतराम म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा कोळशाची पोती उतरवणारा वसराम दारातच उभा होता. वसराम जवळच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरत. तो स्वतः थोडी शेती करी आणि लाकडाचा कोळसा पाडून विकी. मोटारीसाठी कोळसा त्याच्याकडूनच येई.

"मालक, मी बोलू का?" तो म्हणाला. "मी दोनदा बसलो मोटारीत. ती पोटभर श्वास घेईना झाली. एकदा मला भट्टीपाशी राहू द्या. खर्च काही न्हाई."

संतरामला हसू आलं. कोळसेवाला इंजिनावर बोलत होता. पण उकंडराव हसले नाहीत. खर्च नाही हे शब्द त्यांनी ऐकले होते. "बघू दे त्याला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसरामनं आधी पोती रिकामी केली. चुरा वेगळा काढला, मोठी ढेकळं फोडली आणि सगळा कोळसा सुपारीएवढ्या तुकड्यांचा केला. बाभळीचा बाजूला, धावड्याचा बाजूला. भट्टीत फक्त धावड्याच्या घट्ट लाकडाचा टाकला. मग बोनेटपाशी येऊन त्यानं विचारलं, "डायवरसाब, आत ठिणगी पडते म्हणतात. कवा पडते?"

संतरामनं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. दट्ट्या वर येतो, गॅस दाबला जातो, अगदी माथ्यावर पोचता पोचता ठिणगी पडते आणि भडका दट्ट्याला खाली ढकलतो.

वसरामनं बोनेटखाली वाकून पाहिलं. "पेट्रोल भडकतं," तो म्हणाला. "कोळशाची हवा भडकत न्हाई, ती हळूहळू धरते. मी रोज बघतो ना भट्टीत. मग तिला ठिणगी जरा आधी नको का? माथ्यावर पडली तर ती धरेस्तोवर दट्ट्या निम्मा खाली गेला व्हय न?"

संतरामच्या हातातला पाना तसाच राहिला. हैदराबादचे उस्ताद एकदा असंच काहीतरी बोलले होते. हा विचार त्याला सुचायला हवा होता. तीन महिने तो या इंजिनाशी झगडत होता आणि त्याला तो सुचला नव्हता; सुचला तो कोळसा पाडणाऱ्या माणसाला.

"बघू," तो तुटक म्हणाला.

ठिणगी वाटणारी डबी सैल करून त्यानं ती, ठिणगी लवकर पडावी म्हणून, थोडी पुढं फिरवली. वसराम हवेच्या चावीपाशी बसला, कान इंजिनाकडे लावून. चावी जराशी उघडी, जराशी बंद. "अजून थोडी फिरवा," तो म्हणे आणि संतराम डबी फिरवी. आवाज बदलत गेला. घोगरेपणा गेला आणि इंजिन एका सुरात गुरगुरू लागलं. "बस," वसराम म्हणाला. सुरी घेऊन त्यानं डबीवर बारीक रेघ मारली.

त्या दिवशी मोटार भरलेल्या उतारूंनिशी चढ चढली. कुणाला उतरावं लागलं नाही. वर पोचल्यावर लोकांनी ओरडून टाळ्या वाजवल्या आणि एका म्हातारीनं खिडकीतून हात काढून मागं भट्टीपाशी उभ्या वसरामच्या डोक्यावरून फिरवला. संतरामचे दोन्ही हात चाकावर होते. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

उकंडरावांनी टायर घेतले. वसरामला भट्टी सांभाळायला रोजानं ठेवलं आणि पुढं, संतरामच्या शेजारी, बसायला सांगितलं.

तिथून पुढं संतरामला वसरामचं नाव सगळीकडून ऐकू येऊ लागलं. बाजारात त्याच्या बाकावर वसराम बसलेला दिसे. उकंडराव चहा सांगताना म्हणत, "वसरामला आधी दे रे, धुरात बसून राहिलाय तो." घरी बायको मंजुळाबाई शेगडीत कोळसा भरताना सहज बोलून गेली, "अवो, त्या वसरामनं सांगितल्यासारखे बारीक तुकडे केले तर बगा, कसा बराबर निखारा धरतो."

"तुला त्यानं कवा सांगितलं?"

"कोळसा द्यायला आला व्हता तवा. चांगला हाय माणूस."

संतराम जेवण अर्धं टाकून उठला. वसराम खरोखरच चांगला होता, हेच त्याला सोसत नव्हतं. तो कधी मोठेपणा मिरवत नसे. उलट दर वेळी म्हणे, "डायवरसाबनं केलं सगळं, मी नुसता ऐकत व्हतो." ते ऐकून संतरामला जास्तच झोंबे, कारण ते खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं.

डायवरच्या हातातल्या चाकाशेजारी एक छोटा दांडा होता. तो वर लोटला की ठिणगी उशिरा पडे, खाली ओढला की लवकर. चालताना तो खाली लागे. पण मोटार चालू करताना आधी तो वर लोटावा लागे, नाहीतर ठिणगी फार लवकर पडून, इंजिनाला पुढून मारायचं लोखंडी हँडल झटक्यानं उलटं फिरे. डबी पुढं फिरवल्यापासून तर हे फारच सांभाळावं लागे. दांडा सांभाळायचा संतरामनं आणि हँडल मारायचं वसरामनं, अशी वाटणी झाली होती.

कळमनुरीच्या बाजाराचा दिवस होता. मोटार पिंपळाखाली उभी होती, आत-बाहेर माणसांची गर्दी. उकंडराव स्वतः आले होते. संतराम आपल्या जागेवर चढून बसत असताना मागून कुणीतरी हाक मारली, "चला रे, वसरामची मोटार निघाली!"

वसरामची मोटार.

वसराम पुढं गेला, हँडल खोचलं आणि त्यानं काचेतून संतरामकडे पाहिलं. दांडा खाली होता. संतरामनं 'मार' म्हणून मान हलवली. मोटार फडफडावी, धूर ओकावा, चार वेळा हँडल मारूनही चालू होऊ नये आणि लोकांनी हसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. हँडलानं मोडलेले हात त्यानं हैदराबादला पाहिले होते. ते त्याला त्या क्षणी आठवले नाहीत असं नाही. आठवले, तरी त्याचा हात दांड्याकडे गेला नाही.

वसरामनं जोर लावला. इंजिन एकदा भुंकलं आणि हँडल उलटं फिरलं.  मनगट पोटाशी धरून वसराम खाली बसला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

गर्दी धावली. संतरामही उतरला. उकंडरावांनी विचारलं, "काय रे, दांडा?"

"विसरलो, मालक," तो म्हणाला. सगळ्यांनी ते खरं मानलं. नऊ वर्षांत एकदा विसरणं कुणालाही माफ होतं. खुद्द वसरामच म्हणाला, "व्हतं असं. डायवरसाबला बोलू नका."

वैदूनं हाड बसवून बांबूच्या कामट्या बांधल्या. दोन महिने हात हलवायचा नाही असं सांगितलं.

आता पुढची जागा रिकामी होती. संतरामनं आठवडाभर मोटार एकट्यानं चालवली. चढ ती चढत होती. डबीवरची रेघ होती तिथंच होती. लोक चढताना विचारत, "वसराम कसा हाय?" आणि त्याला दर वेळी उत्तर द्यावं लागे. कोळसा घेऊन आता वसरामची बायको जिवनबाई येऊ लागली. तुकडे मोठे-लहान होते, चुरा तसाच होता. तिच्या हाताला फोड आले होते. ती पोतं टाकून लगेच निघून जाई.

आठव्या दिवशी दुपारी मोटार उभी असताना संतराम पायी तांड्यावर गेला. वसराम झाडाखाली बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्यानं बसायला घोंगडी पुढं केली. संतराम बसला नाही.

"मी विसरलो न्हाई," तो म्हणाला.

वसरामला कळलं नाही. "काय?"

"दांडा. तो खाली हाय हे मला दिसून राहिलं व्हतं. मी मुद्दाम तसाच ठेवला."

जिवनबाई दारात आली होती. तिनं ते ऐकलं. वसरामनं पुढं केलेली घोंगडी मागं ओढली. मग त्यानं एवढंच विचारलं, "काहून?"

संतरामनं येताना वाटेत बरंच ठरवलं होतं, पण आता त्यातलं काही सांगण्यासारखं वाटेना. "लोक तुझं नाव घेत व्हते," तो म्हणाला. "माझी बायको बी."

"मी तर तुमचंच नाव सांगत व्हतो."

"त्याचीच तकलीफ व्हत व्हती."

वसरामनं तोंड फिरवलं. "जा तुमी," तो म्हणाला. पण जिवनबाई पुढं आली. तिच्या आवाजात रड नव्हती, राग होता. "नुसते जाऊ नका. कोळसा पाडायला दोन हात लागतात आन ह्यांचा एकच उरला. लाकूड रचायला तुमी या. रोज सकाळी, मोटारीच्या आधी. आन मालकाला हे सांगा. आमच्या माणसानं तुमची बाजू घेतली, ती तुमीच मोडा."

संतरामनं त्याच संध्याकाळी उकंडरावांना सांगितलं. ते संतापले. दुसरा डायवर मिळाला असता तर त्याच दिवशी काढलं असतं, असं त्यांनी तोंडावर बोलून दाखवलं. मिळण्यासारखा नव्हता. गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. मंजुळाबाई आठ दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. डायवरसाब म्हणणं लोकांनी सोडून दिलं.

दोन महिने तो पहाटे तांड्यावर जात राहिला. लाकडं उभी रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, वारा जायला किती भोकं ठेवायची ते वसराम बसल्या जागेवरून सांगे. कामाशिवाय एक शब्द बोलत नसे. "इथलं भोक बुजवा. आग पळून राहिली." संतराम बुजवी. आगीचा रंग आणि धुराचा वास ओळखायला तो शिकला, तरी वसरामसारखं त्याला कधीच येईना. चार लाकडं रचली की वसराम म्हणे, "काढा, परत रचा." तेव्हा संतरामच्या आत काहीतरी पुन्हा चावायचं. ते गेलं नव्हतं. त्यानं लाकडं काढून परत रचली.

हात सुटल्यावर वसराम मोटारीवर परतला, पण एका अटीवर. हँडल संतराम मारेल आणि दांड्यावर वसराम बसेल. उकंडरावांनी मान्य केलं. पहिल्या दिवशी संतराम हँडलला हात लावून थांबला. काचेतून वसराम त्याच्याकडे पाहत होता. मग त्यानं दांडा वर लोटला, संतरामला दिसेल असा, आणि मान हलवली.

पावसाळ्यानंतर परभणीकडचा एक डायवर कळमनुरीला थांबला होता. त्याची मोटारही कोळशावरची आणि चढाला रडणारी. त्यानं उकंडरावांच्या मोटारीचा आवाज ऐकला, जवळ आला, बोनेट उघडायला लावलं आणि डबीवरची रेघ पाहून म्हणाला, "वा! हेडला हात न लावता? हे कुणी बसवलं हो?"

वसराम मागं भट्टीत कोळसा भरत होता. त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. तो डायवर संतरामकडेच बघत होता, मोठ्या आदरानं. संतरामनं फडक्यानं हात पुसले. दोनदा पुसले.

"वसरामनं," तो म्हणाला. "तो मागं हाय ना, त्यानं. इचारा त्यालाच."

तो माणूस मागं वळला. चार पावलं गेला असेल तोच संतरामला राहवलं नाही.

"मोटार चालवतो मी," तो मोठ्यानं म्हणाला.