कुलिंजनाचा ठसका

तापातून सासूबाई उठल्या खऱ्या, पण चव मागे ठेवूनच. खारट कळेना, आंबट कळेना. कढणाचं दुकान चालवणाऱ्या बाईची जीभ जावी, म्हणजे देवानं गवयाचे कानच काढून घ्यावेत! घसा बसलेले मास्तर, सर्दीनं बेजार झालेले हमाल, खोकणारी पोरं, सगळे त्यांच्या पातेल्याकडे धावायचे ते कुलिंजनासाठी. आल्याच्याच जातीची ही मुळी, पण आल्याहून कडक. ठेचून कढणात पडली की घसा मोकळा आणि तोंडाला पाणी. ती किती घालायची, ते फक्त सासूबाईंची जीभ ठरवायची.

"आज शेवटचं चाखून बघते," त्या सकाळी म्हणाल्या. "नाहीच कळलं, तर दुकान बंद. लोकांना अंदाजानं खायला घालायचं पाप मी करणार नाही."

धाकट्या सुनेनं खल जवळ ओढला. ती या घरात आली तेव्हा तिला साधी फोडणी येत नव्हती. हाताला धरून शिकवलं ते याच बाईनं. सासूबाई मोरीकडे वळल्या तशी तिनं खलातलं मूठभर कुलिंजन पातेल्यात लोटलं. देवा, एवढं तरी लागू दे रे त्यांच्या जिभेला!

सासूबाई परतल्या, पळी तोंडाला लावली, घोट घेतला.

असा ठसका लागला की पळी हातातून उडाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लालभडक.

"मेल्यांनो, हे कढण आहे की विस्तव? कुणी घातलं एवढं?"

"मी," धाकटी पुटपुटली.

"तू कशाला? मी घातलं होतं की!" थोरली म्हणाली.

"अगं बाई, मग मी घातलं ते?" मधलीनं कपाळावर हात मारला.

सासरे छताकडे बघत होते. सगळ्यांच्या नजरा वळल्या तसे म्हणाले, "मी आपलं चिमूटभर..."

"तुमची चिमूट ठाऊक आहे मला! आणि त्या नादात चौघंही मीठ घालायचं विसरलात. आंबट लागतंय, पण अळणी झालंय नुसतं..."

सासूबाई थबकल्या. पळी उचलून धुतली, पुन्हा घोट घेतला.

"अळणी," त्या हळूच म्हणाल्या. मग ओरडल्या, "आंबट आहे, अळणी आहे गं! मला कळतंय!"

थोरली रडायला लागली. सासऱ्यांनी देवाचं नाव घेत खड्या आवाजात अशी तान मारली की भांडी थरथरली.

"गाणं नंतर! आधी पाणी ओता, मीठ द्या, मोठं पातेलं काढा," सासूबाई कडाडल्या. "आणि धाकटे, हसतेस काय उभ्या उभ्या? दार उघड!"

बोलणी खाताना धाकटीला आयुष्यात एवढं गोड कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी कढण दुप्पट झालं आणि गल्लीभर पुरलं.