ओ द्यायची नाही

मंत्रिसाहेबांच्या नातवाला कुठल्या शाळेत घालायचं यावर घरात प्रत्येकाने मत दिलं, पण शेवटचा शब्द मिशीकाकांचा होता. तीस वर्षं पोलिसात आणि निवृत्तीनंतर बारा वर्षं या घराच्या पहाऱ्यावर काढलेला हा माणूस. नाव नातवानेच ठेवलेलं, कारण खोलीत आधी मिशी शिरायची आणि मागून काका. दोन वर्षांपूर्वी मुलाला उचलून नेऊ अशी चिठ्ठी आली, तेव्हापासून पोर घरीच शिकत होतं. यंदा मात्र त्याच्या आईने हट्ट धरला. माझ्या मुलाला एक तरी मित्र असू दे, एवढंच तिचं म्हणणं.

काकांनी तीन खासगी शाळा पाहिल्या. पहिलीच्या कुंपणाला खेटून झाड होतं, त्यावरून कोणीही आत उतरलं असतं. दुसरीत फाटकावरचा गडी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला. तिसरी पसंत पडली ती फाटकावरच्या मावशींमुळे. जाड चष्म्याच्या त्या ठेंगण्या बाईने ओळखपत्र पाहूनही काकांना वीस मिनिटं उन्हात उभं केलं. काका खूश झाले. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी मुख्याध्यापिकांकडून लेखी नियम करून घेतला: त्यांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, आणि गोंधळ माजला असेल तर मुळीच नाही.

"अगदी मी आलो तरी नाही," त्यांनी मावशींना बजावलं होतं.

मुलाची तयारी तर आठ महिने चालली होती. रोज संध्याकाळी खेळ. आरडाओरडा ऐकू आला की लपायचं. कोणी नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आईने मारली तरी नाही, कारण तिला कोणी धाक दाखवून हाक मारायला लावली असेल. फक्त मिशीकाकांच्या आवाजात "घोडा पाणी प्यायला" ऐकलं की बाहेर यायचं. पोर इतकं तरबेज झालं की एकदा आई अर्धा तास रडकुंडीला येऊन घर पालथं घालत होती आणि हा तिच्याच कपाटात बसलेला. काकांनी त्याची पाठ थोपटली. आई दोन दिवस काकांशी बोलली नाही, पण बायकांचं मन हळवं असतं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. शहाण्या माणसाचा मूर्खपणा असाच असतो, त्याला वर शाबासकीही मिळते.

शाळेचा नववा दिवस. काका रस्त्यापलीकडे गाडीत बसले होते. साडेअकराला घंटा वाजू लागली आणि थांबेचना. पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून काळा धूर निघाला. वर्गावर्गांतून मुलं रांगेने मैदानात आली. काका धावत फाटकाशी गेले आणि गजांतून नातवाच्या वर्गाची, दुसरीची, रांग शोधू लागले. नातू दिसेना. तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी त्याच्या नावाने हाक मारली. मग दुसऱ्या बाईंनी, मग शिपायाने. मंत्र्याचा नातू सापडत नाही म्हटल्यावर अख्खं मैदान त्याच्या नावाने ओरडू लागलं.

काकांनी फाटक ढकललं. पोर आतच होतं, आणि त्याला सगळं ऐकू येत असणार.

"चिठ्ठी?" मावशींनी विचारलं.

काकांनी विनवलं, दरडावलं. चिठ्ठीवर सही करणाऱ्या मुख्याध्यापिका आत आग विझवत होत्या. मावशी जागच्या हलल्या नाहीत. गोंधळात कोणालाच सोडायचं नाही, हे तुम्हीच लिहून घेतलंय साहेब, असं त्या शांतपणे म्हणाल्या. काकांनी फाटकातूनच घोड्याला पाणी पाजून पाहिलं, पण त्या घंटेपुढे त्यांचं ओरडणं इमारतीपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. शेवटी उभ्या आयुष्यात कोणापुढे न जोडलेले हात त्यांनी जोडले.

"तो ओ देणार नाही, मावशी. मीच शिकवलंय त्याला. माझ्या आवाजाशिवाय तो तिथेच बसून राहील."

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि किल्ली काढली. "या. पण मी तुमच्याबरोबर येणार." काकांना आत घेऊन त्यांनी फाटकाला पुन्हा कुलूप लावलं.

जिन्यात धूर डोळ्यांना झोंबत होता. आपण मुलाला काय काय शिकवलं ते काका आठवू लागले. दार ओढून घेता येईल अशी जागा. सामानाच्या मागे. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून खेळाच्या गाद्यांची खोली होती. त्यांनी दार ढकललं आणि खोकत खोकत म्हटलं, "घोडा पाणी प्यायला." आत काहीच हललं नाही. धुराने घसा बसला होता आणि हा आवाज मिशीकाकांचा नव्हता. ते जमिनीलगत वाकले, श्वास घेतला, घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले.

कोपऱ्यातली गादी सरकली. नातू बाहेर आला, पण एकटा नाही. त्याने एका हाताने त्याच्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी घट्ट धरली होती आणि दुसरा हात तिच्या तोंडावर दाबलेला होता.

"ही सारखी ओ द्यायला बघत होती," तो अभिमानाने म्हणाला. "मी देऊ दिली नाही."

मावशींनी मुलीला उचललं. मैदानात येईपर्यंत ती रडलीसुद्धा नाही. तिच्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. एकाला शोधण्याच्या नादात ही मोजायचीच राहिली होती, आणि गजांतून रांग पाहणाऱ्या काकांनीही तिला मोजलं नव्हतं.

आग अर्ध्या तासात विझली. संध्याकाळी मंत्रिसाहेबांनी फोन करून कौतुक केलं, पोराने शिकवलेलं चोख पाळलं म्हणाले. मुलाच्या आईने एवढंच विचारलं, "ती मुलगी कशी आहे?" त्या प्रश्नाने काकांची मान खाली गेली. मुलाला मिळालेली पहिली मैत्रीण त्यांच्याच शिकवणीने गुदमरली असती. त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी गाडीत बसल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं की जुना खेळ आता संपला, यापुढे कोणीही हाक मारली की ओ द्यायची. मुलाने मान डोलावली. काकांनी त्याला नावाने हाक मारली.

मुलगा ओठ मिटून बसला. मला फसवता होय, असं बारीक हसू त्याच्या तोंडावर होतं.

त्यांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांचा आवाज फाटला. तो फाटका आवाज ऐकताच मुलाचं हसू मावळलं आणि तो हळूच सीटखाली सरकला.