दुर्वंगानं तलवार का सोडली

‘काळदरी’ मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग मी गोठ्याच्या भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा निघाला, म्हैस दचकली, तरी माझा राग काही निवला नाही.

आमच्या घरात ‘काळदरी’ मी एकटीनं कधीच वाचली नाही. संध्याकाळी धारा काढून झाल्या की आबा खाटेवर बसणार आणि मी मोठ्यानं वाचणार. शाळेत सुरू झालेला हा कार्यक्रम मी शिरोलीच्या फौंड्रीत अकाउंटला लागले तरी चालूच होता. आबा म्हणजे माझे वडील, अमरसिंह पैलवान, एकेकाळी तालमीचं नाक. त्यांना त्यातला नायक दुर्वंग आवडायचा, कारण तो लढायच्या आधी मातीला हात लावायचा. मला आवडायचा, कारण तो हरायचा नाही.

आणि शेवटी लेखकानं काय करावं? दुर्वंगाची तलवार त्याच्याशी लढणाऱ्या पोरसवदा सोमाक्षाच्या गळ्याला टेकलेली, अख्खं राज्य बघतंय, आणि एवढ्यात दुर्वंगाच्या हातून तलवार निसटते! ती त्यानं मुद्दाम सोडली हे फक्त वाचणाऱ्याला कळतं. लोक त्याच्या तोंडावर थुंकतात आणि हा गप शेळ्या राखायला निघून जातो. संपली गोष्ट. वाचकांच्या ग्रुपवर आधीच दोन तट पडले होते. एक तट म्हणे, काय थोर शेवट! दुसऱ्या तटाची पुढारी मी. मी तिथंच फोन काढून सरळ लिहिलं, “ही नुरा कुस्ती आहे.”

नुरा म्हणजे आधी ठरवून हरलेली कुस्ती. कोल्हापुरात पैलवानाला याहून घाण शिवी नाही. ती आबांनी खाल्ली होती. नेसरीकडच्या एका जत्रेत, मौला मुजावरशी लढताना, जिंकत आलेले आबा एकाएकी चीत झाले आणि मैदान ‘नुरा, नुरा’ म्हणून उठलं. त्यानंतर ते आखाड्यात उतरले नाहीत. सगळ्यांना सांगायचे, खांदा निखळला होता. शाळेत एक पोरगी मला नुरेवाल्याची लेक म्हणाली, तेव्हा मी तिच्या झिंज्या उपटल्या होत्या.

“पुस्तक उचल,” आबा म्हणाले. “त्येनं बरोबर केलं.”

“काय बरोबर? एवढी वर्षं त्याच्यामागं फिरलो आणि हा नुरा करतो!”

“नुरा आधी ठरल्याली असती, आनू. ह्येचं कुटं ठरलं हुतं?” आबांनी स्वतःच वाकून पुस्तक उचललं. “माझंबी ठरलं न्हवतं.”

मला काही कळेना.

“मौला खाली, माझा गुडघा त्येच्या मानंवर. गडी अंग सैल सोडंना. आजून जोर लावला असता तर चीत झाला असता, पर मान मोडून. माझ्या गुडघ्याला कळत हुतं की. नवं लगीन झालतं त्येचं. मी गुडघा काढला. त्येनं तेवढ्यात झडप घातली.”

“आणि खांदा?”

“खांद्याला काय धाड भरल्या?”

माझं डोकंच फिरलं. “मग मी कशापायी भांडत होते? मला तरी सांगायचं!”

“तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस. मग मौल्याची जीत ऱ्हायली असती व्हय?”

ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि पुढं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. ज्या माणसाच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानंच मला खोटं सांगितलं होतं.

एकदा डबा खाताना शेवटचं प्रकरण पुन्हा काढलं. लोक सोमाक्षाला खांद्यावर घेऊन नाचतात, तेव्हा दुर्वंग गर्दीच्या मागं उभा राहून बघतो, असं एक वाक्य होतं. रागाच्या भरात मी ते नुसतंच वाचून टाकलं होतं. आता घास तोंडातच राहिला. दुर्वंग तिथं बोलला असता तर सोमाक्षाला लगेच खाली उतरावं लागलं असतं. लेखकानं मला फसवलं नव्हतं. आबांनी फसवलं होतं, आणि आबांनी खाल्लेल्या शिवीचा राग मी दुर्वंगावर काढला होता. शेवट चांगला होता. हे कबूल करणं माझ्या जिवावर आलं, पण होता.

रविवारी मौलाकाका जयसिंगपूरहून आले. त्यांच्या गावानं त्यांचा सत्कार ठेवला होता, आमंत्रण द्यायला आले होते. चहा घेता घेता म्हणाले, “तिथं त्याच कुस्तीचं नाव काडणार समदी. दादा, तवा तुमचा खांदा निकळला नसता तर मी कुटला जिंकतोय!”

आबांनी बशीत आणखी चहा ओतला. काढलेल्या गुडघ्याचं खरं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, ते मी गिळलं.

“खांद्याला काही झालं नव्हतं, काका,” मी म्हटलं. “ते आम्ही सगळ्यांना सांगायचो, आबांची लाज राखायला. तुम्ही निकाली जिंकलात.”

आबांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मौलाकाकांनी कप खाली ठेवला.

“खरं?” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “लई वर्षं त्यो खांदा मला खात हुता गं पोरी.”

आबा उठून गोठ्यात गेले. मी त्यांच्यामागं गेले नाही. माझा राग अजून गेला नव्हता.