बंद गिरणीतला ठोका

मित्रांनो, मी एक जुनी आणि संशयित पिठाची गिरणी आहे. जुनी म्हणजे बावीस वर्षांची. संशयित कशी झाले, तेच आज सांगायचे आहे. आधीच बजावते, या गोष्टीत मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही, कारण माझ्यावरही कोणी ठेवला नाही.

माझा जन्म लिलोंग्वे शहरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पोटात लोखंडी हातोड्या, त्यांच्याखाली बारीक जाळी, वर मका ओतायला रुंद तोंड, शेजारी डिझेलचे इंजिन आणि दोघांना जोडणारा पट्टा, एवढाच माझा संसार. तिथून एका ट्रकमध्ये कोबीच्या पोत्यांवर आडवी पडून मी कासुंगूच्या रस्त्यावरच्या चिम्वाला गावी आले. माझा मालक फानुएल तेव्हा तिशीचा होता. मला उतरवून घेतल्यावर त्याने माझ्या अंगावरची धूळ आपल्या सदऱ्याने पुसली. सदरा नवा होता. ते मी अजून विसरले नाही.

आमच्याकडे बायका डोक्यावर मक्याची घमेली घेऊन येतात. घमेले रांगेत ठेवायचे आणि आपण निलगिरीखाली गप्पा मारत बसायचे. रांग घमेली सांभाळतात. दोन्ही वेळा घरोघरी मक्याच्या पिठाची घट्ट नसिमा शिजते. पीठ जाडसर निघाले, की त्या दिवशी जेवताना माझा उद्धार होतो. पण तशी वेळ फार वेळा आली नाही, कारण फानुएलचा कान.

तो पीठ बोटांत चोळून बघत नसे. तो मला ऐकत असे. मी आल्यापासून त्याच्या बायकोचे, एनिफाचे, मका कांडायचे मुसळ रिकामेच पडले होते. त्याचे एक टोक तो माझ्या बेअरिंगवर टेकवी, दुसरे उजव्या कानाला लावी आणि डोळे मिटून उभा राही. “तिसरी हातोडी झिजली,” म्हणे, आणि खरोखर तिसरीच झिजलेली असे. बायका त्याला ‘लोखंडाचा डॉक्टर’ म्हणत. जवळची गिरणी सोडून तीन गावच्या बायका माझ्याकडे येत. तेव्हा मला माझ्या आवाजाचा फार अभिमान वाटे.

दहा-बारा वर्षांनी त्याच्या उजव्या कानात शिट्टी शिरली. बारीक, सरळ, कधीच न थांबणारी. हे त्याने फक्त एनिफाला सांगितले. ज्याचा धंदाच कानावर चालतो, त्याच्या कानात बिघाड आहे हे कळले तर पीठ दळायला कोण येईल? मग तो त्या शिट्टीसोबत राहायला शिकला. झोपताना उशाशी बारीक आवाजात रेडिओ ठेवी. चर्चमध्ये नेहमी उजव्या भिंतीकडे बसे, म्हणजे लोक डाव्या कानाशी बोलत. गेल्या वर्षी त्याला कोणीतरी सांगितले, की कोमट शेंगदाणा तेलाने शिट्टी बाहेर येते. तेव्हापासून काम संपले, की पिठाने माखलेल्या त्याच अंगाने तो पोत्यावर कुशीवर पडे आणि कानात तेल सोडी. मी समोरच उभी होते. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा.

यंदा मका निघाल्यावर त्याला नवा आवाज येऊ लागला. धुप्, धुप्, धुप्. शिट्टी आपली, हे त्याने केव्हाच मान्य केले होते. हा ठोका मात्र परका होता, आणि परक्या आवाजाला कोणीतरी मालक असलाच पाहिजे, असे त्याला वाटले.

पहिला संशय माझ्यावरच. “हिच्या पोटात काहीतरी सैल झालंय,” असे म्हणून त्याने मला उघडले, हातोड्या बदलल्या, पट्टा बदलला. ठोका तसाच. मग शेजारच्या वेल्डरवर संशय. तो म्हणाला, “अहो, मी चार दिवस सासरी होतो, ठोकलं कोणी?” तर फानुएलने त्याच्या सासरी निरोप पाठवून खात्री केली! त्यातच त्याला कमी ऐकू येऊ लागले. निलगिरीखालच्या बायका हसल्या, की आपल्यालाच हसतात, अशी त्याची समजूत झाली. घमेल्यांच्या रांगेकडेही तो रागाने बघू लागला.

शेवटी संशय स्थिरावला तो स्टोनार्डवर. स्टोनार्ड एनिफाचा धाकटा भाऊ. माझे इंजिन तोच सांभाळी, आणि मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा आमच्या शेडमध्ये रोजचीच असे.

“काय दाजी, आज कुणाला पकडलं?” त्याने येता येता विचारले.

“तुलाच. बेअरिंग नवं म्हणून जुनं बसवलंस तू.”

“जुना तर तुम्ही आहात दाजी. तुम्हांलाच बदलू का?”

एरवी यावर दोघे हसले असते. त्या दिवशी फानुएल हसला नाही. “चोर आहेस,” तो सगळ्या रांगेसमोर म्हणाला. स्टोनार्डने हातातले नट-बोल्टचे पाने खाली ठेवले, हात पुसले आणि निघून गेला. तो परत आला नाही. फानुएलने भंगारवाल्याला निरोप धाडला, सोमवारी ट्रक घेऊन ये आणि ही खोटारडी घेऊन जा.

खोटारडी म्हणजे मी. बावीस वर्षे दळले, त्याचे हे फळ. मला फार वाईट वाटले आणि रागही आला. भंगारात गेलेल्या गिरणीचे काय होते, ते मला माहीत आहे. आधी तोंड कापतात.

रविवारी सकाळी शेड बंद होती. चर्चहून आल्यावर फानुएल एकटाच आत आला. त्याने मुसळ माझ्या बेअरिंगवर टेकवले, कानाला लावले आणि डोळे मिटले. मी गार होते. इंजिन गार होते. तरी तो पुटपुटला, “आहे. आतच आहे.”

एनिफा दारात येऊन उभी राहिली होती. “तामांडाचे बाबा, बंद गिरणीत काय ऐकताय?”

“ठोका. ये, तूही ऐक.”

तिने मुसळ कानाला लावले. बराच वेळ ऐकले. “मला तर काहीच ऐकू येत नाही.”

“तू भावाचीच बाजू घेणार.”

“बरं, मी खोटी, माझा भाऊ चोर,” ती म्हणाली, “पण ठोका पडेल तसं बोट वाजवून दाखवा तरी.”

तो माझ्या पत्र्यावर बोट वाजवू लागला. टक्, टक्, टक्. एनिफाने त्याचा दुसरा हात ओढून मनगट धरले आणि त्याच्या बोटाकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

“अहो, ही तर तुमची नाडी आहे.”

बोट थांबले. ठोका त्याच्या कानात चालूच असणार, कारण तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, की तो मला ओळखतच नाही असे वाटावे. तो घाबरला होता. मीही घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी दोघे सकाळीच सायकलवरून दवाखान्यात गेले. तिथे काय झाले ते मी एनिफाच्या तोंडून ऐकले. तिथे तपासणाऱ्या न्यिरेंडाबाईंनी आधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. तो ठीक निघाला. मग दिव्याच्या नळीतून कानात पाहिले आणि विचारले, “काम काय करता?”

“गिरणी चालवतो.”

“कानात काही घालता का?”

“थोडं तेल. रोज.”

“पीठ आधीच होतं. तेल तुम्ही दिलंत. मळ कानाचा. बाबा, तुम्ही कानात नसिमा शिजवलीय!”

कोमट पाण्याची पिचकारी मारून त्यांनी बोराएवढा गोळा बाहेर काढला. कान बंद झाला, की माणसाला स्वतःचेच रक्त ऐकू येते, असे त्या म्हणाल्या. ठोका गेला. फानुएल लहान मुलासारखा हसला आणि म्हणाला, “आता ती शिट्टीही काढा.”

बाई हसल्या नाहीत. “ती निघायची नाही. ती गिरणीच्या आवाजाने आतून झालेली इजा आहे. बावीस वर्षं त्याच कानाने ऐकलंत ना? उशिरा का होईना, नवा आवाज दाखवायला आलात हे बरं केलंत. पण त्याचा चोर घरात शोधत बसू नका.”

मित्रांनो, असे झाले पहा. ठोक्याच्या आरोपातून मी सुटले, आणि त्याच सकाळी शिट्टीची गुन्हेगार ठरले. ज्या आवाजाचा मला अभिमान होता, त्यानेच माझ्या माणसाचा कान खाल्ला होता. तो परत आला, तेव्हा ट्रक दारात उभा होता आणि भंगारवाला दोर सोडत होता. मला वाटले, आता न्यावेच त्याने. पहिल्यांदाच मला तसे वाटले.

फानुएलने ट्रक परत पाठवला. मग सायकल वळवून तो स्टोनार्डच्या घरी गेला आणि त्याला सोबत घेऊन आला. रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाला, “चोर माझ्या कानात होता. हा नव्हे.”

“आणि त्या चोराला तेल पाजून तुम्हीच पोसलात, दाजी,” स्टोनार्ड म्हणाला. मग त्याने खाली पडलेले पाने उचलले. त्याचे डोळे भरून आले होते.

त्या दोघांनी माझ्या आणि रांगेच्या मध्ये विटांची भिंत घातली. बाळाचे कान जपावेत म्हणून पाठीवर बाळ बांधलेल्या बाईला आता भिंतीच्या आत घेत नाहीत. तिचे घमेले एनिफा आत आणते. फानुएल कानांवर जाड झाकणे चढवूनच मला सुरू करतो. मुसळाचे कामही त्याने सोडले. मागच्या महिन्यात माझे बेअरिंग खरोखरच किंचाळत होते. त्याला कळले नाही, कारण त्याची शिट्टी नेमकी त्याच सुरात होती. एनिफाने मुसळ लावून ते पकडले. माझे ऐकणारी आता ती आहे.

म्हणून मित्रांनो, एक गिरणी हात जोडून सांगते, हात नसले तरी. माझ्या पिठाची स्तुती करा, पण माझ्याजवळ उघड्या कानांनी उभे राहू नका. कानात तेल, काडी, काहीही घालू नका. आणि नवा आवाज आला, तर कोणाला चोर म्हणण्याआधी कान दाखवून या.

रविवारी चर्चहून आल्यावर फानुएल अजूनही शेडमध्ये येतो. झाकणे काढून माझ्या गार पत्र्याला पाठ टेकून बसतो. बसता बसता एकदा तो हळूच म्हणाला, “बंद आहेस ना ग?”

मी बंदच होते. त्याच्या कानात मात्र मी चालूच होते.