अजून किती मऊ करणार मला?

“हिच्या अंगात मस्ती आहे, दुसरं काही नाही,” माझ्या टाकीवर कोपर रोवून मिस्त्री पुटपुटला. तोंड इतकं जवळ, की त्याच्या चहाचा वास माझ्या पेट्रोलच्या वासात मिसळला. “जरा कान पिळला की उधळते. माणसानं चालवायची तरी कशी?”

मित्रांनो, जिच्या अंगात मस्ती आहे म्हणतात, ती मीच. मी एक जुनी मोटारसायकल आहे, डोंगरवाटांवरची. रस्त्यावर तुम्ही बघता तसली सभ्य नव्हे. मला आरसे नाहीत, मागं कुणाला बसवायची सोय नाही, पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर आणि चाकांवर बोटभर उंचीचे रबरी ठोकळे. माझी कहाणी सांगताना मला शिसारी येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. चिखलाची नव्हे, चिखलात तर माझा जन्म गेला. शिसारी येते ती खोटं बोलण्याची, आणि तेही माझ्या नावावर.

माझी घडण एका कारखान्यात झाली. त्यातलं आठवतं ते एवढंच, की माझं इंजिन पहिल्यांदा सुरू करून बघणाऱ्या बाईनं कानात बोळे घातले होते, तरी माझा आवाज ऐकून ती दोन पावलं मागं सरली. मला फार बरं वाटलं. पहिला मालक शर्यतीतला. त्याला माझ्याकडून एकच हवं होतं, मूठ पिळली की मी सुटले पाहिजे. मी सुटायचे. कमी वेगात मी पेंगुळलेली असायचे आणि मग एका क्षणी अशी उसळी घ्यायचे, की मागचा माणूस माझ्या धुळीला शिव्या देत राहायचा. तीन हंगाम माझं कौतुक झालं, माझ्या टाकीवर हात ठेवून लोकांनी फोटो काढले. चौथ्या हंगामात नवी गाडी आली आणि माझी रवानगी पत्र्याच्या शेडमध्ये झाली.

तिथं एका मांजरीनं माझ्या सीटवर दोनदा पिल्लं घातली, आणि आधी-नंतर मांजरी जे काही करतात ते सगळं केलं. तो वास आठवला की अजून माझ्या नळ्या आवळतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून त्याचा हिरवट, चिकट डिंक झाला होता. असलं तोंड घेऊन मी मिस्त्रीच्या दारात उतरले.

मिस्त्री म्हणजे सुतार. खाली कारखाना, वर घर, मागं फळ्या रचलेलं अंगण. माप घेणं, पॉलिश मारणं, गिऱ्हाइकांना शब्द देणं हे बायकोचं काम. कापणं, रंधा मारणं, सांधे बसवणं हे मिस्त्रीचं. आणि रविवार माझा. सात-आठ जणांची टोळी सकाळी डोंगरात जायची, मिस्त्री सगळ्यांच्या पुढं. त्याचा हात तेव्हा काय होता! डावी दोन बोटं क्लचवर, उजवा तळवा मुठीवर नुसता टेकलेला. पेन्सिलीनं लाकडावर रेघ ओढावी, तितक्या हलक्या हातानं तो मला वळवायचा.

पण शर्यतीचं मैदान वेगळं, डोंगरवाट वेगळी. ओल्या दगडावर चढायचं तर उसळी कामाची नाही. मागचं चाक जागेवर फिरतं, गाडी आडवी होते. म्हणून त्यानं पंप्याला बोलावलं. पंप्या म्हणजे आमचा मेकॅनिक. दोन पायऱ्या चढला तरी फुसफुसतो, म्हणून हे नाव. त्याच्या तोंडावर सगळे त्याच नावानं हाक मारतात, आणि तो ओ देतो.

“मिस्त्री, हिच्या पोटात जरा वजन टाकू,” पंप्या म्हणाला. “इंजिनाच्या चाकावर, फ्लायव्हीलवर, एक जड चकती बसवतो. उड्या मारायच्या आधी विचार करेल.”

“आणि बंद पडली चढावर तर?”

“उलट. पडायची थांबेल. जड बाई अशी तशी बसत नाही आणि बसली तर अशी तशी उठत नाही.”

वरच्या खिडकीतून वहिनींचा, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा, आवाज आला, “कुणाबद्दल चाललंय?”

“गाडीबद्दल, वहिनी, गाडीबद्दल!”

मला भयंकर राग आला होता. पोटात धोंडा बांधल्यासारखं झालं. पण खोटं सांगायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा हेही सांगते, की त्या वजनानं माझं भलं केलं. इंजिन दमानं फिरू लागलं, चालण्याच्या वेगात मी ओला कातळ चढू लागले. सात वर्षं सुखाची गेली. मऊ होण्यात लाज नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग गेल्या थंडीत मिस्त्रीची बोटं पांढरी पडू लागली.

उजव्या हाताची तीन. सकाळच्या गारठ्यात ती मेणबत्तीसारखी दिसायची. वीस वर्षं घासायचं यंत्र हातात धरून दिवसभर तो थरथराट अंगात घेतलेला, त्याचं हे फळ. कुणी बघत नाही असं वाटलं की मिस्त्री माझ्या गरम इंजिनाला हात लावून उभा राहायचा. बोटांत रक्त यायला पाव तास लागायचा. मित्रांनो, बधिर हाताला आपण किती घट्ट धरलंय हे समजत नाही. तो माझी मूठ आवळायचा. खड्ड्यात अंग मागं गेलं की हातही मागं जायचा, मूठ पिळली जायची आणि मी पुढं झेप घ्यायचे. मी काय करणार? मला सांगतील तेवढंच मी करते.

“झटके मारायला लागली,” मिस्त्री म्हणाला.

मग पंप्यानं माझ्या मुठीतली कप्पी बदलली. लहान घेराची घातली, म्हणजे मूठ तेवढीच पिळली तरी केबल कमी ओढली जाते. दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी परत झटका. मग सायलेन्सरच्या तोंडात आतून एक नळी ठोकली, माझा श्वास कोंडला आणि धुराचा चिकट काळा थर माझ्याच घशात बसू लागला. शी! मग ठिणगी जरा उशिरा पडेल अशी केली. मी जांभई देत चालणारी झाले. माझा आवाज ऐकून मागं सरेल अशी बाई आता जगात सापडली नसती.

त्या ठिणगीच्या दिवशीची गोष्ट. पंप्यानं नट धरायला दिला, तो मिस्त्रीच्या बोटांतून पडला. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पंप्या खाली बघत म्हणाला, “नटच मेला गुळगुळीत निघाला.”

नट गुळगुळीत नव्हता. मी सांगते ना, तो माझा नट होता.

असंच सगळीकडे. एका गिऱ्हाइकाकडून खणांचं कपाट परत आलं, एकही खण सरळ सरकेना. वहिनींनी सांध्यावरून बोट फिरवलं, बोट फटीत गेलं. गिऱ्हाइकाला त्या म्हणाल्या, “लाकूड ओलं लागलं हो या खेपेला.” टोळीतले म्हणायचे, “मिस्त्री, गाडी जुनी झाली.” लाकूड ओलं, नट गुळगुळीत, गाडी मस्तीखोर. दोष वाटून घ्यायला वस्तू पुष्कळ असतात आणि आम्हाला तोंड नसतं.

का असं, तेही मला ठाऊक होतं. मी रात्रंदिवस कारखान्याच्या कोपऱ्यात उभी. माझ्यापासून चार हातांवर कापायचं यंत्र, करवतीचा पट्टा खाली-वर गरगरणारा. त्या पट्ट्यापासून चार बोटांवर मिस्त्रीचा उजवा हात. हात बिघडला असं एकदा म्हटलं, की पहिलं ते यंत्र बंद करावं लागणार. यंत्र बंद म्हणजे खालचा कारखाना बंद, आणि वरची चूलही खालच्या कारखान्यावरच पेटायची. म्हणून हल्ली वहिनी वरची कामं टाकून खाली यायच्या आणि फळीचं दुसरं टोक धरून उभ्या राहायच्या. “मला जरा शिकायचंय,” म्हणायच्या. वीस वर्षांत नाही शिकल्या ते! नजर फळीवर नसायचीच त्यांची, हातावर असायची.

पाचव्या वेळी मात्र हद्द झाली. मिस्त्रीनं मला परत पंप्याच्या हवाली केलं आणि तो गिऱ्हाइकाकडे निघून गेला. पंप्या माझ्यासमोर स्टूल टाकून बसला. पेटी उघडलीच नाही. तासभर बसला, दोनदा उसासला, एकदा माझ्या टाकीला म्हणाला, “तुझं काय चुकलंय गं?” मग फडक्यानं मला पुसलं. फडकंही कसलं, कुठल्या तरी गाडीचं कुजकं तेल प्यालेलं, माशासारखा वास येणारं. मिस्त्री परतल्यावर त्यानं सांगितलं, “केलं काम.”

मिस्त्रीनं अंगणात एक फेरी मारली. ऊन तापलेलं, बोटं गरम. “वा! आता कशी गाय झाली! पंप्या, हे आधीच का नाही केलंस?”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पंप्याच्या बंद पेटीकडे बघितलं, मग पंप्याकडे. पंप्यानं नाक पुसलं. दोघांना सगळं कळलेलं, आणि दोघं दोन दिशांना बघायला लागली. वहिनी म्हणाल्या, “चहा ठेवते.” मला त्या क्षणी दोघांची किळस आली. मायेपोटी बोललेलं खोटंसुद्धा नासतं, मित्रांनो, आणि नासलं की त्याचा वास त्या मांजरीच्या वासापेक्षा वाईट.

पुढच्या रविवारी कडाक्याची थंडी. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरीचा उतार, मधून पायवाट. हल्ली मिस्त्री मागं राहायचा, आमच्या पुढं टोळीतली पोस्टातली बाई होती. एका मुळावरून माझं चाक उतरलं, हात आवळला, मूठ पिळली गेली. एवढं मऊ करून ठेवलेली मी, तरी पूर्ण पिळल्यावर जायचं तिथं गेलेच. तिच्या मागच्या चाकावर आदळले. ती कातळाच्या बाजूला पडली म्हणून वाचली. तिची गाडी मात्र अर्धी उतारावर लोंबत राहिली, चाक हवेत फिरत होतं. ती उठली, तोंडातला चिखल थुंकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “विकून टाका ही, मिस्त्री. कुणाचा तरी जीव घेईल.”

तीसुद्धा!

सोमवारी सकाळी पंप्याला बोलावणं गेलं. वहिनी खाली आल्या होत्या. मिस्त्री यंत्राशेजारी उभा, हात काखेत खुपसलेले.

“अजून मऊ कर,” तो म्हणाला.

पंप्या फुसफुसायचा थांबला. “अरे, काय मऊ करू? वजन टाकलं, कप्पी बदलली, तोंड दाबलं, ठिणगी मागं नेली. आता काय उशी भरू हिच्यात?”

“तुला जमत नसेल तर तसं सांग.”

“मला जमत नाही?”

“मग कर काहीतरी! तिनं बाईला दरीत ढकललं असतं काल.”

“तिनं?” पंप्या म्हणाला, आणि परत खाली बघायला लागला.

मिस्त्री वळला. “तुमचं चालू द्या. मला शेल्फाच्या फळ्या कापायच्यात.” त्यानं यंत्राच्या बटणाकडे हात नेला. तीन बोटं अजून पांढरीच होती.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “पंप्याभावजी, हिला किक मारून द्या. मी बसते.”

“तू?” मिस्त्री हसला. “अगं, ती घोडी आहे. स्कूटर नव्हे.”

“बघू तरी.”

मित्रांनो, असल्या कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडून विनवायचं असतं. आम्हाला पुसा, तेल घाला, पावसात उभं करू नका. ते कराच, त्यात वाईट काही नाही. माझं मागणं मात्र निराळं आहे. आमची काळजी नंतर घ्या. आधी तुमच्या माणसाला काय होतंय ते आमच्या डोक्यावर थापू नका. आम्हाला दुरुस्त करून माणूस दुरुस्त होत नाही, आणि तोवर वेळ निघून जातो.

पंप्यानं मला अंगणात आणलं. वहिनींचा पाय जमिनीला पुरेना. त्या फळ्यांच्या थप्पीवर चढून माझ्यावर बसल्या. साडी खोचली, मिस्त्रीचं हेल्मेट घातलं, ते नाकापर्यंत आलं. पंप्या ओरडला, “वहिनी, डावा हात हळू सोडा. हळू! उजवा नुसता टेकवा.” त्यांचा तळवा गरम होता, पॉलिशनं चिकटलेला. मूठ कुठंवर गेलीय हे त्याला नीट कळत होतं. मी अंगणात निघाले. फळ्यांच्या थप्प्यांमधून, वाळत टाकलेल्या खुर्च्यांना वळसा घालून, पाण्याच्या पिंपाजवळून. एकही झटका नाही. दुसरी फेरी त्यांनी आणखी सावकाश घेतली. मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. त्याचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही.

वहिनी बरोबर त्याच्या पुढ्यात थांबल्या. हेल्मेट काढलं, माझ्या टाकीवर ठेवलं. पंप्या पेटी उचलून निघायच्या बेतात होता, त्याला म्हणाल्या, “तुम्ही थांबा. तुम्हालाही ऐकायचंय.” मग त्यांनी मिस्त्रीचा उजवा हात त्याच्या काखेतून ओढून काढला, पांढरी बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि जोरात दाबली.

“लागतंय?”

मिस्त्रीनं आपल्या बोटांकडे बघितलं.

“नाही लागत. मला माहितीय. अहो, तुमच्या या हाताला काही कळत नाही. गाडीवर कळत नाही, आणि करवतीवरही कळत नाही.”